आमची वाटचाल: कोटेशनआधी मेमरी

केबल ओढणं, रॅक लावणं, स्विच बसवणं अशा कामांनी आमची सुरुवात झाली. ती कामं आजही करतो. पण धंद्याला वळण मिळालं ते 12 ऑगस्ट 2014 नंतर. त्या दिवशी इंटरनेटच्या बीजीपी टेबलने (बीजीपी म्हणजे नेटवर्क एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, कळवतात ती पद्धत; टेबल म्हणजे त्या रूटची यादी) 5 लाख 12 हजार रूटचा आकडा ओलांडला आणि ठिकठिकाणचे जुने राउटर गडबडले. त्यांची रॅम संपली नव्हती, भरला होता टीकॅम, म्हणजे पॅकेट पुढे पाठवायला लागणारी हार्डवेअरमधली वेगळी मेमरी. बऱ्याच मशीनवर आयपीव्ही 4 आणि आयपीव्ही 6 (इंटरनेट पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) यांच्यातली टीकॅमची वाटणी बदलून रीलोड दिलं, म्हणजे राउटर बंद करून पुन्हा चालू केला, की भागत होतं.

तेव्हापासून नवीन राउटरचं कोटेशन मागणाऱ्याला आम्ही आधी त्याच्या सध्याच्या राउटरवरची बीजीपीची समरी मागतो. नेटवर्क एन्ट्री (पोचायची ठिकाणं) किती, पाथ एन्ट्री (तिथे जायच्या वाटा) किती, त्यांनी किती बाइट खाल्ले, सगळं त्यात असतं. दुसऱ्या अपस्ट्रीमकडूनही, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडूनही, फुल टेबल (अख्ख्या इंटरनेटची यादी) घेतलं तर नेटवर्क एन्ट्री जवळपास तेवढ्याच राहतात, पाथ मात्र दुप्पट होतात.

एका ग्राहकाचा राउटर लॉगमध्ये सारखा ‘मॅलॉकफेल’, म्हणजे रॅम मिळत नसल्याची तक्रार, टाकायचा. फिल्टर तर कडक होता, डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठी एकच वाट) आणि मोजके प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) एवढंच आत येत होतं. मग मेमरी जातेय कुठे? कॉन्फिगमध्ये शेजाऱ्यापुढे, म्हणजे रूट पाठवणाऱ्या पलीकडच्या राउटरच्या नावापुढे, ‘सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड’ लिहिलेलं सापडलं. या ओळीमुळे फिल्टरने नाकारलेले रूटही राउटर जपून ठेवतो, म्हणजे अख्खं टेबल आतच बसलं होतं! रूट रिफ्रेशची, म्हणजे शेजाऱ्याकडून रूट पुन्हा मागवायची, सोय 2000 सालीच मानकात आली आणि ती दोन्ही बाजूंना चालू होती, त्यामुळे रूट असे जपून ठेवायची गरज नव्हती. ओळ काढली, मेमरी मोकळी झाली, नवीन राउटर घ्यावा लागला नाही. (आमची विक्री तेवढी बुडाली, पण मेंटेनन्सचं काम मिळालं.) ही ओळ सरसकट काढून टाका असं आम्ही सांगत नाही. शेजारी नेमकं काय पाठवतोय ते बघायला ती कामाची आहे, फक्त रॅम हवी.

ॲड-पाथ, म्हणजे एका ठिकाणासाठी एकाहून जास्त वाटा कळवायची बीजीपीची सोय, चालू करायला सांगणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा विचारतो, कशासाठी? एकाच प्रीफिक्सचे जास्तीचे पाथ साठवायचे तर जागा लागणारच. ओएसपीएफचा (एकाच संस्थेच्या नेटवर्कमध्ये आतले रूट ठरवणाऱ्या पद्धतीचा) त्रास त्यामानाने कमी. लहान राउटर स्टब एरियात, म्हणजे बाहेरचे रूट अडवणाऱ्या भागात, टाकला की बाहेरचे रूट त्याच्या डेटाबेसमध्ये येतच नाहीत.

आता आयपीव्ही 4 चं फुल टेबल दहा लाखांच्या घरात आहे आणि आयपीव्ही 6 चंही वाढतंय. अनेक जुन्या मशीनवर आयपीव्ही 6 चा एक रूट टीकॅममध्ये दोन जागा अडवतो. तिथे वाटणी कितीही बदला, पुरत नाही. अशा ग्राहकाने डीफॉल्ट आणि थोडे निवडक रूट घ्यावेत, असं आमचं मत. फुल टेबलच हवं असेल तर नव्या राउटरचं कोटेशन आम्हीच काढून देतो.