एक बदक उलटं

परवा दुपारी गोट लावून झाला, शेवटची गाठ कापडाच्या पोटात ओढून घेतली, दोरा तोडला आणि गोधडी जमिनीवर अंथरून मी खुर्चीवर चढले. वरून फोटो काढल्याशिवाय काम संपल्यासारखंच वाटत नाही, हा रोग आता जुना झालाय. चार महिने चाललं होतं. एकूण 48 बदकं. आणि खुर्चीवर तोल सांभाळत फोन सरळ धरते तर काय, 47 बदकं वर निघालीयेत आणि एक, उजवीकडून तिसऱ्या रांगेतलं, निवांत खाली चाललंय.

ही बदकं म्हणजे फ्लाइंग गीज नावाची त्रिकोणांची नक्षी, शिवणाऱ्यांना ती सांगायला नको. मधे एक मोठा त्रिकोण, त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन छोटे, रुंदी उंचीच्या बरोब्बर दुप्पट. गीज म्हणजे खरं तर बदकं नव्हेत, रानहंस वगैरे म्हणायला हवं, पण त्रिकोणाला हंस म्हणायला जीभ रेटत नाही. बदकच बरं.

बरं, हे उलटं झालं कधी? तुकडे जोडले, इस्त्री केली, रांगा लावल्या, रांगा जोडल्या, खाली अस्तर, मधे कापसाचा थर, वर हे सगळं, टाचण्या लावल्या, मग तिन्ही थरांतून धावदोरा घालत बसले ते किती आठवडे, त्या बदकाच्या तर अगदी कडेकडेने टाके घातलेत, म्हणजे नाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं माझं. दिसलं नाही. खुर्चीवरून दिसलं. नवरा दारातून आत येता येता म्हणाला, "ते एक उलटं आहे का गं?" ज्या माणसाला पडदे बदललेले सहा महिने कळले नव्हते.

फोटो तरी पाठवला. आमची फोनवरची क्विल्टवाली मंडळी आहेत, त्यातल्या कुणालाच मी प्रत्यक्ष भेटलेले नाही, काहींचं खरं नावही माहीत नाही, पण कोणाचा गोट कोपऱ्यात कसा वळतो ते मी ओळखते. माझी रात्र होते तेव्हा तिकडे कुणाची सकाळ असते आणि ती उठून पहिलं काय करते तर माझ्या शिवणी बघते. दोन तट पडले लगेच. एक तट म्हणाला उसव. दुसरा म्हणाला भरधाव घोड्यावरून जाणाऱ्याला दिसत नसेल तर ती चूक नाही. हे क्विल्टवाल्यांचं ठेवणीतलं वाक्य आहे. माझ्या पलंगाशेजारून आजवर एकही घोडा गेलेला नाही. माणसं जातात, तीही रमतगमत.

मग ती गोष्ट कुणीतरी सांगतंच. जुन्या काळच्या बायका म्हणे मुद्दाम एक चूक ठेवायच्या, कारण परिपूर्ण फक्त देव. ऐकायला फार गोड आहे. पण गोधड्यांचा इतिहास खणणाऱ्यांना त्याला धड पुरावा काही सापडलेला नाही, मागाहून चिकटलेली गोष्ट आहे ती. मला तशीही शंका होतीच, कारण मुद्दाम एकच चूक करायची तर आधी बाकी सगळं बिनचूक यायला नको का? नम्रतेच्या नावाखाली केवढा तो तोरा.

उसवायला माझी ना नाही हं. खरं सांगायचं तर मला उसवणं आवडतं, शिवण्यापेक्षा किंचित जास्तच. मशीनची टीप असेल तर एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका रिपरने, म्हणजे उसवायच्या छोट्या हत्याराने, तोडत जायचा आणि मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढायचा, सर्रकन अख्खा निघून येतो. तो आवाज. दिवसभरात एवढं सरळ काहीच सुटत नाही. पण इथे नुसती टीप नव्हती ना, वरून तिन्ही थरांतले टाके. बदक काढायचं म्हणजे आजूबाजूचे चार शेजारी उठवायचे. दुसरा उपाय म्हणजे नवं सरळ बदक शिवून, कडा आत दुमडून, त्याच्यावर बसवायचं. थोडक्यात गोधडीला ठिगळ. आता बघा, जी वस्तू ठिगळांचीच बनलीये तिला एक ठिगळ जास्त लावायची मला लाज वाटली, ही गंमत मला दोन दिवसांनी कळली.

तसा हा सगळा छंदच जरा वेडगळ आहे. चांगलं अखंड कापड आणायचं. त्याचे तुकडे करायचे. आणि ते परत जोडून कापड बनवायचं. पहिल्यांदा शिकत होते तेव्हा हे मला इतकं हास्यास्पद वाटलं होतं की मी कात्री हातात घेऊन तशीच बसले होते. आता तर तेही कष्ट नकोत म्हणून अडीच इंची पट्ट्या कापून गुंडाळी करून मिळतात, पाच इंची चौकोनांच्या गड्ड्या मिळतात. मी त्या घेत नाही. का ते विचारू नका, नाही घेत. मला चिंध्या स्वतःच्या हाताने झालेल्या लागतात.

रोटरी कटर मात्र घेतला. ते गोल फिरणारं पातं जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 साली काढलं, त्याआधी सगळा खेळ पुठ्ठ्याचे साचे, पेन्सिल आणि कात्री. एकदा त्याची सवय झाली की माणूस कात्रीकडे वळून बघत नाही, मीही बघितलं नाही, डाव्या तर्जनीच्या टोकाला त्याची आठवण आहे.

आणि मग पाव इंच. अख्ख्या क्विल्टिंगचं शास्त्र या पाव इंचात बसलंय. शिवणीला पाव इंच, खरं तर पाव इंचाला केसभर कमी, कारण कापड दुमडताना घडीत थोडं जातं. शिवण एक मिलिमीटर आत गेली तर दोन्ही तुकड्यांचा मिळून दोन मिलिमीटर गेला, आणि रांगेत 20 शिवणी असल्या की झाले चार सेंटिमीटर. ओळी जुळत नाहीत. आपण ताणतो. कापड ताणून घेतं, काही म्हणत नाही, आणि पहिल्या धुण्यात सगळं ओकतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी एक पूर्ण चादरीएवढा माल वाकडा शिवून शिकले.

अर्धवट कामांना आमच्यात यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. माझ्याकडे सात आहेत. नऊ. दोन कपाटावर आहेत, ते दिसत नाहीत म्हणून मी धरत नाही. आणि साठवलेल्या कापडाबद्दल एक सेबल नावाचा शब्द आहे, इंग्रजी अक्षरं जोडून केलेला, अर्थ एवढाच की या जन्मात शिवून संपणार नाही इतका साठा. हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोट धरून हसले. मग एकदा कपाट आवरताना मनातल्या मनात हिशेब मांडला, वर्षाला दोन गोधड्या, अजून डोळे किती वर्षं साथ देतील, आणि कपाट पटकन लावून टाकलं. नवीन कापड हल्ली मी पिशवीच्या तळाशी घालून आणते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते असं. माझ्याच घरात, माझ्याच पैशाने.

ती बाजूला ठेवलेली उलट्या बदकाची गोधडी बघताना मला राहून राहून अमेरिकेतल्या गीज बेंडच्या गोधड्या आठवत होत्या. (नावातलं गीज हे बदकवालं नाही. योगायोग.) अलाबामात नदीच्या एका वळणात वसलेलं हे गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान् पिढ्या शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या, मग न्यूयॉर्कला, आणि 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटंसुद्धा निघाली. त्यांचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा माझी पाव इंचाची मिजास उतरली. पट्ट्या सरळ नाहीत. चौकोन चौकोन नाहीत. आणि एकही वाकडी वाटत नाही. त्यात एक 1942 सालची आहे, मिझूरी पेटवे नावाच्या बाईने नवरा गेल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची शिवलेली. जास्त काही करायचं नाही, त्याचे कपडे घ्यायचे आणि अंगावर घ्यायला काहीतरी करायचं. कामाच्या कपड्यांच्या अशा जुन्या गोधड्यांवर बघा, गुडघ्याजवळ विटलेलं असतं, आणि मधेच एक गडद चौकोन असतो, खिसा उसवलेल्या जागी. तेवढ्यावर ऊन पडलेलं नसतं.

आमच्या आजीने खिसा उसवला नव्हता.

म्हणजे असं की माझा एक निळा फ्रॉक होता, पुढे खिसा होता त्याला. तो आखूड झाल्यावर आजीने त्याचा पुढचा भाग तसाच्या तसा गोधडीत घातला, खिशासकट. विसरली की मुद्दाम, माहीत नाही. पण बरोबर माझ्या उजव्या हाताशी यायचा तो खिसा, अर्थात मी गोधडी त्याच बाजूने घ्यायचे म्हणून, आणि भावाने उलटी ओढली की मारामारी. त्या खिशात काय काय असायचं. एक गोटी, पेन्सिलीचा तुकडा, एकदा पडलेला दात. झोप येईपर्यंत दोन बोटं खिशात. आजीची काही रचना-बिचना नव्हती हं, बदकं नाहीत, चांदण्या नाहीत, जो तुकडा हाताला लागेल तो पुढचा. बाबांच्या शर्टाशेजारी उशीचा अभ्रा, त्याच्याशेजारी कुणाचं तरी दुपटं. पण मला त्यातला प्रत्येक तुकडा नावानिशी माहीत होता, ताप आला की मी ते मोजायचे, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

तिला सुईचं नेढं दिसत नसे. त्यामुळे माझं काम ठरलेलं, शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून द्यायच्या. दप्तर पाठीवर, बूट घातलेले, आणि मी खिडकीपाशी उभी राहून सुई उजेडात धरतेय. दोरा थुंकी लावून टोकदार करायचा, ओवायचा, कोपरापासून मनगटाच्या जरा पुढे जाईल एवढाच ठेवायचा. त्याहून लांब ठेवलेला तिला खपायचा नाही. "लांब दोरा आळशाचा," म्हणायची, आणि ते खरंय, लांब दोरा गुंततो आणि पुन्हापुन्हा कापडातून ओढला जाऊन पिंजतो. मी घाई करायचे. तरी ती स्वतः मोजून घ्यायची. टाचण्यांच्या गादीवर दहा सुया ओळीने, प्रत्येकीला शेपूट. तिची दुपार त्या दहांत भागायची. संध्याकाळी घरी आले की सगळ्या सुया रिकाम्या असायच्या.

आता माझी वेळ आलीय. हातशिलाईच्या बारीक सुयांचं नंबरचं गणित उलटं असतं, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि मी तोऱ्यात दहा नंबर वापरायचे. आता आठवर आलेय. दोरा तिरका कापते, थुंकी दोऱ्याऐवजी नेढ्याला लावते, दोरा स्थिर धरून सुई त्याच्यावर आणते, या सगळ्या युक्त्या फोनवरच्या मंडळींनी दिलेल्या. एकीने सांगितलं ओवायचं छोटं यंत्र मिळतं ते घे. घेतलं. ते कपाटावर आहे, त्या दोन यूएफओंशेजारी.

बदकाचं मी काहीच केलं नाही अजून. गोधडी वापरात आलीये. रात्री अंगावर घेताना ते उलटं बदक कुठे आहे हे मी चाचपून बघते, आणि ते बाकीच्यांपासून वेगळं लागत नाही हाताला, त्रिकोण तो त्रिकोणच.

आजी गेली ती दुपारीच. मी शाळेत होते. घरी माणसं जमली होती, मला कुणीतरी आतल्या खोलीत बसवलं, आणि तिथे खिडकीत ती टाचण्यांची गादी होती. सात सुयांत दोरा तसाच होता.

त्या आईने पुढे बटणं लावायला वापरल्या. ओवलेला दोरा कशाला वाया घालवायचा.