आमची वाटचाल: पट्टी थांबता कामा नये

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. हळदीचा सौदा झाला, पोती काट्यावर चढली, वजन नोंदलं गेलं की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडली पाहिजे. पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती वजा झाली आणि निव्वळ रक्कम किती, एवढं त्या कागदावर असतं. वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचा तोच एक कागद त्याच्याकडे असतो, म्हणून आम्ही त्याला फार जपतो.

दोघांनी मिळून सुरुवात केली तेव्हा सगळीकडे विंडोज एक्सपी होतं. दुकानातल्या संगणकाला इंटरनेट नसायचं. एकदा प्रोग्रॅम बसवला, प्रिंटर जोडला, दिवाणजींना दोन दिवस शिकवलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नसे. जुने डॉसवरचे प्रोग्रॅमसुद्धा त्यावर बिनबोभाट चालायचे. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्याची अपडेट देणं थांबवलं, आणि ६४ बिटांची विंडोज आली, त्यावर ते १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम उघडेनासे झाले. आमच्याकडची बरीच गिऱ्हाइकं त्या काळात आली.

खरा बदल मात्र दोन गोष्टींनी झाला. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आलं आणि अपडेट घ्यायचं की नाही हा निर्णय साध्या दुकानदाराच्या हातात फारसा उरला नाही. शिवाय ही अपडेट एकगठ्ठा येऊ लागली. ऑक्टोबर २०१६ पासून तर विंडोज ७ आणि ८.१ लाही तीच पद्धत लागू झाली. पूर्वी एखादा तुकडा त्रास देतोय असं कळलं तर तेवढाच वगळता यायचा. आता त्या महिन्याची सुरक्षा हवी तर सोबतचं सगळं घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि आतापर्यंत कोपऱ्यात एकटा बसलेला दुकानातला संगणक इंटरनेटला जोडणं भाग पडलं.

त्याच वर्षाची शेवटची तिमाही आमच्या धंद्याची दिशा ठरवणारी होती. १० ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या 'जेट' ड्रायव्हरमधून (ड्रायव्हर म्हणजे एखादं यंत्र किंवा फाईल हाताळून देणारा छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम) एक्सेलच्या एक्सएलएस फायली वाचणारे प्रोग्रॅम अडू लागले. मायक्रोसॉफ्टने ते स्वतःच नोंदवलं आणि 'एसीई' हा दुसरा ड्रायव्हर वापरा असं सुचवलं. १४ नोव्हेंबरच्या अपडेटनंतर एप्सनचे काही डॉट मॅट्रिक्स (पिना आपटून ठिपक्यांनी छापणारे) आणि पावतीचे प्रिंटर छापेनासे झाले. त्याची दुरुस्ती महिनाअखेरीस आली. एक्सेल आणि डॉट मॅट्रिक्स! कार्यालयांतून या प्रिंटरला लोक जुनाट म्हणतात, पण एका दणक्यात तीन प्रती काढणारं दुसरं यंत्र अडत्याला आजही परवडत नाही. एक प्रत शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक दप्तरी. लेझर प्रिंटर कार्बनच्या कागदावर काय करणार?

त्या नोंदी वाचल्यावर आम्ही बसून ठरवलं की ज्या गोष्टीवर पट्टी अवलंबून आहे, ती शक्य तितकी आपल्या हातात घ्यायची. ठरवलं होतं, पण हातात घेईपर्यंत एक हंगाम मध्ये गेला.

त्या हंगामात, फेब्रुवारीत, यार्डात आवक जोरात असताना सकाळीच एका दिवाणजींचा फोन आला. "साहेब, पट्टी खाली सरकतीय. निव्वळ रक्कम फाडायच्या रेघेवर येतीय." मी म्हटलं, "मामा, काल संध्याकाळी बरोबर येत होती ना?" "काल येतच होती की. रात्री कॉम्प्युटर बंद करताना काय तरी टक्के-टक्के दाखवत होता." मी तडक दुकानात गेलो. रात्रीच्या अपडेटने प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला होता आणि आम्ही बनवून ठेवलेलं सहा इंची कागदाचं माप गायब झालं होतं. संगणक मोठ्या पानाच्या हिशेबाने कागद पुढे ढकलत होता. पहिली पट्टी अर्धी, दुसरी पट्टी पहिलीच्या खालच्या अंगाला, आणि रक्कम बरोबर छिद्रांच्या रेघेवर. अथणीकडून भाड्याच्या टेम्पोतून माल घेऊन आलेले एक शेतकरी काउंटरला टेकून उभे होते. टेम्पोवाला बाहेरून हॉर्न देत होता. दिवाणजींनी शेवटी पेनाने पट्टी लिहून दिली आणि ती हातात देताना म्हणाले, "पाव्हणं, रक्कम बघून घ्या, आकडा बरोबर हाय." त्यांनी तो कागद दोनदा वाचला. माप परत बसवायला मला काही मिनिटंच लागली, पण छापील पट्टीवरचा आकडा आणि हाताने लिहिलेला आकडा यांत शेतकऱ्याच्या मनात किती फरक पडतो ते मी त्या दिवशी समोर पाहिलं.

त्यानंतर आम्ही छपाईचा तो भाग नव्याने लिहिला. आता पट्टी ड्रायव्हरच्या भरवशावर जात नाही. पान किती ओळींचं, कागद किती पुढे सरकवायचा, हे आमचं सॉफ्टवेअरच प्रिंटरला त्याच्या मूळ आज्ञांमध्ये सांगतं. इंग्रजी अक्षरांपुरतं हे सोपं असतं. मराठीत मात्र आपल्याकडे दुकानादुकानांत असलेल्या बहुतेक प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसतेच. मग प्रत्येक ओळीचं चित्र तयार करायचं, त्याचे उभे स्तंभ पाडायचे आणि कुठली पिन कागदावर आपटायची आणि कुठली नाही हे स्तंभागणिक कळवायचं. 'निव्वळ'मधला जोड-व नऊ पिनांत वाचण्याजोगा बसवायला माझ्या भागीदाराने जो जीव ओतला, त्याला तोड नाही. आज ड्रायव्हर बदलला, कागदाचं माप उडालं, तरी पट्टी जागच्या जागी छापली जाते.

ऑफिसात एक लांब टेबल आहे. त्याला आम्ही यार्डच म्हणतो. गिऱ्हाइकांकडे ज्या जातीची यंत्रं आहेत, त्या प्रत्येकातलं एक इथे ठेवलेलं आहे. विंडोज १० चा जुना संगणक, ११ चा नवा, डॉट मॅट्रिक्स, थर्मल, इलेक्ट्रॉनिक काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) आणि त्याला संगणकाशी जोडणाऱ्या यूएसबी-सिरीयल केबली. या केबलींकडे कुणी लक्ष देत नाही, पण वजन त्यातूनच येतं. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून गेला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. केबल संगणकाला ओळखू येईना. पुढे तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. बाजारातून स्वस्तात घेतलेल्या केबलीत चिप कुठली आहे हे दुकानदाराला कसं कळणार? म्हणून केबल आम्हीच तपासून देतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी आमची एक सहकारी त्या टेबलावर बसते. खोटा सौदा लावते, काट्यावर वजनाचं माप ठेवते, तिन्ही प्रतींची पट्टी काढते, दुसऱ्या संगणकावरून छापून बघते, एक्सेल काढते आणि बॅकअप परत चढवून पाहते. सगळं बरोबर आलं की आधी दोन-तीन धीराच्या गिऱ्हाइकांकडे आणि मग बाकीच्यांकडे अपडेट जाऊ देतो. विंडोजमध्ये अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवून ठेवता येतं, तेवढा अवकाश आम्हाला पुरतो.

या शिस्तीचं मोल २०२१ मध्ये कळलं. त्या वर्षी विंडोजच्या छपाई यंत्रणेत गंभीर भोकं सापडली होती. सप्टेंबरच्या अपडेटने एक जुनी ढिलाई बंद केली, आणि एका संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून वापरणाऱ्यांना जगभर '११बी'ने संपणारा एरर दिसू लागला. त्यावर एक उपाय सर्रास सुचवला जात होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या वहीत, एक आकडा शून्य करा, छपाई सुरू होते. होते, पण ज्या भोकासाठी अपडेट आलं तेच त्याने परत उघडतं. आम्ही तो आकडा कुठल्याही दुकानात शून्य केला नाही. प्रिंटर शेअर करण्याऐवजी पट्टी मुख्य संगणकाकडे पाठवणारी छोटी सेवा लिहिली आणि तिथूनच छपाई सुरू केली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरने एसक्यूएल सर्व्हर या माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला जोडणारी सॉफ्टवेअर अपडेटनंतर अडखळली आणि दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्या वेळेपर्यंत आम्ही तो जुना ड्रायव्हर सोडलेला होता, त्यामुळे आमचा बुधवार शांततेत गेला.

अनेक शेठ म्हणतात, "हे अपडेट कायमचंच बंद करून टाका की." त्यांचा वैताग मला समजतो. तरीही मी ते करत नाही आणि करून देणाऱ्याकडे जाऊ नका असंही सांगतो. मे २०१७ मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस पसरला, तेव्हा त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. एक सकाळ पट्टी हाताने लिहिता येते. गेलेली उधारीची खातेवही कुठून लिहिणार? अपडेट आलंच पाहिजे, आणि ते सौद्याच्या वेळी न येता आमच्या टेबलावरून तपासून आलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

याचे पैसे मागणं सुरुवातीला जड गेलं. नवं बटण दिलं की लोक पैसे देतात. जे काल चाललं ते आज चाललं याचे पैसे कशाला, असा त्यांचा सवाल असायचा. आता वार्षिक देखभालीचा करार करताना आम्ही त्या बुधवारच्या तपासणीचा कागद शेठच्या पुढे ठेवतो. त्यावर त्यांच्याच प्रिंटरचं आणि काट्याचं नाव असतं. जुनी गिऱ्हाइकं तो न वाचता सही करतात, नवी मात्र बारकाईने वाचतात, आणि ते मला आवडतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. यार्डातले बरेच संगणक ११ ला चालत नाहीत, कारण त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा प्रोसेसर जुना आहे. नव्या यंत्रांना प्रिंटरचा तो रुंद पॅरलल पोर्ट नसतो, म्हणून अजून चांगल्या चालणाऱ्या प्रिंटरसाठी वेगळे कार्ड लागतात आणि ते आधी टेबलावर पारखावे लागतात. ज्यांचं बदलून झालं त्यांच्याकडे जुना संगणक एक हंगाम शेजारीच ठेवायला सांगितलंय, इंटरनेट काढून. बाकीच्यांची यादी भिंतीवर लावली आहे. आवक सुरू झाली की कुणाच्याही दुकानातलं यंत्र आम्ही बदलत नाही, त्यामुळे उरलेली सगळी कामं त्याआधी उरकायची आहेत.