डिसेंबरची लेक आणि पहिलीचा प्रवेश

आमच्या लेकीचा जन्म डिसेंबर २०१८चा, अगदी शेवटच्या आठवड्यातला. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जून २०२४ मध्ये, साडेपाच वर्षांची असताना, ती नियमात बसत होती. आम्ही तिला त्या जूनमध्ये पहिलीत घातलं नाही, वर्षभर थांबलो. हे ठरवताना आणि तडीस नेताना काय काय करावं लागलं ते लिहितेय, कारण जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे आईबाबा मला सारखे भेटतात आणि आपल्याला थांबता येतं हेच त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

आधी नियम सांगते. २०२० पर्यंत ही तारीख ३० सप्टेंबर होती, त्या वर्षी ती ३१ डिसेंबर झाली. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरची मुलं वर्षभर आधीच शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हे झालं किमान वय. शिक्षणहक्क कायद्याखाली (आरटीई) राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी कमाल वयही ठरलेलं आहे, पहिलीला ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. म्हणून २०२५-२६ साठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ मध्ये जन्मलेली मुलं पात्र होती. हिशेब करून बघा: जुलै ते डिसेंबरची मुलं लागोपाठ दोन वर्षं पात्र ठरतात. आमची लेक २०२४-२५ लाही बसत होती आणि २०२५-२६ लाही.

ती नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका बालवाडीत मोठ्या शिशूत होती. जानेवारीत पालकांना वर्ग बघायला बोलावलं तेव्हा मी मागे बसून तिच्याकडे पाहत होते. गोष्ट चालू असताना तिचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं, कोल्ह्याने पुढे काय करायला हवं होतं हे ती ताईंनाच सांगत होती. शेंगदाणे वाटायला दिले तर प्रत्येकाला पाच-पाच बरोबर मोजून दिले. मग चार रेघी वह्या निघाल्या. पेन्सिल तिने मुठीत धरली, जीभ बाहेर, मान वहीवर टेकलेली, आणि ‘अ’चा काना ओढताना इतका जोर की कागद फाटला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वही मिटून तिच्यावर कोपर ठेवून बसली.

ताई नंतर म्हणाल्या, “हिच्या डोक्याची काळजी करू नका, हात अजून तयार नाही. घरी लिहायला बसवू नका, कणीक मळायला द्या.” मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच असतात आणि एकेक करत पक्की होतात. शेवटचं हाड पक्कं व्हायला नऊ-दहा वर्षं उजाडतात, कधी त्याहून जास्त. हे कळल्यावर तीन वर्षांच्या मुलांच्या हातात ‘रायटिंग प्रॅक्टिस’ची पुस्तकं दिसली की मला सहनच होत नाही.

वाचता वाचता कॅनडातली एक पाहणी सापडली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आपल्यासारखीच ३१ डिसेंबरची रेघ आहे. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले गेले: जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरच्या मुलग्यांना अतिचंचलतेचं निदान ३० टक्क्यांनी जास्त, मुलींना ७० टक्क्यांनी. वर्गात आपण सगळ्यांत लहान आहोत एवढ्यावरून ‘एका जागी बसत नाही’ असा शिक्का बसायचा, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी सासूबाईंचं एकच, “अगं, वर्ष फुकट जाईल पोरीचं.” मी पाहणी, आकडे सगळं सांगितलं, त्यांना ते पटेना. मग त्याच एकदा म्हणाल्या, त्यांच्या सिन्नरकडच्या गावात जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावून डावा कान धरता येतो का बघायचे. कान हाताला लागला की नाव हजेरीत आणि जन्मतारीख १ जून. त्यांच्या भावांच्या दाखल्यावर अजून तीच आहे. त्यांनी लेकीला ओट्यापाशी उभं केलं आणि हात डोक्यावरून घ्यायला लावला. बोटं कानाच्या वरच राहिली, कितीही ताणलं तरी. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे मग यंदा.” त्या दिवसापासून कुणी काही बोललं की माझ्याआधी त्याच उत्तर द्यायच्या.

खरी दमछाक शाळेच्या ऑफिसात झाली. आम्ही ठरवलेली शाळा गंगापूर रोडच्या बाजूची. “वय बसतंय ना? मग घाला की,” हे प्रत्येक टेबलावर ऐकलं. यंदाची जागा सोडली तर पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नाही, असंही सांगितलं. वयाबद्दल तोंडी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. शेवटी मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज दिला: जन्मतारीख, दोन्ही वर्षांची पात्रता, आम्ही स्वखुशीने थांबतोय, पुढच्या वर्षी अर्ज करू तेव्हा वयाचं कारण पुढे येऊ नये. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घेतला. पुढच्या वर्षी नव्या क्लार्कने “ही तर मोठी आहे” म्हणताच तोच कागद पुढे केला, आणि विषय तिथेच संपला.

बालवाडीत तिला पुन्हा मोठ्या शिशूतच बसवायचं होतं. जून उजाडला आणि तिच्या मैत्रिणी दप्तरं घेऊन पहिलीत गेल्या. “मी नापास झाले का?” असं तिने विचारलं. हा शब्द ती कुठून शिकली देव जाणे. आम्ही तिला खरं तेच सांगितलं, तू त्यांच्यापेक्षा लहान आहेस, तुझा नंबर पुढच्या जूनला. दोन आठवडे कुरकुर होती. मग ताईंनी छोट्या शिशूतल्या मुलांचे डबे उघडून द्यायचं काम तिच्याकडे दिलं, आणि सकाळी घरातून पहिली तीच तयार होऊ लागली.

त्या वर्षात तिने मणी ओवले, कात्रीने कागदांचा फडशा पाडला, पोळ्याला मातीचे बैल केले, दिवाळीत आजीबरोबर ठिपक्यांची रांगोळी काढली. अभ्यास म्हणून आम्ही तिच्याकडून काहीच करून घेतलं नाही. जानेवारीत एके दिवशी तिने स्वतःहून पाटीवर नाव लिहिलं, पेन्सिल तीन बोटांत धरून. २०२५च्या जूनमध्ये पहिलीत गेली आणि दिवाळीच्या आत सिटीलिंक बसच्या पाट्या वाचायला लागली. द्वारका, पंचवटी, निमाणी.

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळातून शिकण्याचीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला मुलांना अंगणात, निसर्गात शिकवलं, त्याला कितीतरी दशकं झाली. पहिलीचा वर्ग खरोखर तसा असता, तर साडेपाच काय नि साडेसहा काय, आम्ही इतका विचारच केला नसता. पण पहिलीत आजही बाक, गृहपाठ आणि चाचण्या आहेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, तरी नाशिकच्या थंडीत सातला व्हॅनमध्ये पेंगणारी मुलं मी त्यानंतरही पाहिली आहेत. वर्ग बदलत नाहीत तोवर वयाकडे बघावंच लागेल.

थांबणं सगळ्यांना जमत नाही हेही खरं. अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीने नोव्हेंबरच्या मुलाला साडेपाचला पहिलीत घातलं, कारण दिवसभर त्याला सांभाळणार कोण? अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत आहे, पण दुपारनंतर काय? तिच्या मुलाला पहिल्या वर्षी लिहिण्याची सक्ती नको, एवढंच तिने वर्गशिक्षिकेकडे मागितलं. बाई समजूतदार निघाल्या, आणि तो रुळला.

तुमचं मूल जुलै ते डिसेंबरमधलं असेल तर जानेवारीतच हालचाल करा, मार्चपर्यंत बऱ्याच शाळांच्या जागा भरलेल्या असतात. बालवाडीच्या ताईंना “लिहितो का?” असं विचारू नका. “डबा स्वतः उघडतो का, शू लागली तर सांगतो का, गोष्ट संपेपर्यंत बसतो का?” असं विचारा. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव चढलंय का ते आत्ताच बघा, ऐन प्रवेशाच्या धावपळीत महापालिकेत खेटे घालावे लागतात. आणि शाळेला जे काही सांगाल ते लेखी द्या, पोच घ्या.