स्वतःची रॉड बाजूला ठेवून शिकवणारी माणसं: माझा फ्लाय फिशिंगचा अनुभव

फ्लाय फिशिंग शिकायचं हे बरेच दिवस डोक्यात होतं, व्हिडिओ बघून बघून सगळं तोंडपाठ झालेलं, पण पाण्यात उभं राहिलं की कळतं हे प्रकरण वेगळंच आहे. साध्या मासेमारीत पुढे वजन असतं, ते लांब जातं आणि दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलटं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही, वजन असतं लाइनला. म्हणून लाइन आधी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे टाकायची. ते क्षणभर थांबणं नेमकं किती, हे कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं, आणि मला सांगणारे भेटत गेले, म्हणून हे लिहितेय.

पहिले भेटले ते एक आजोबा. संध्याकाळची वेळ, पाण्यातून मेफ्लाय नावाचे नाजूक किडे बाहेर पडायला लागलेले आणि आजोबांच्या समोरच ट्राउट मासे वर येऊन किडे टिपत होते. ज्यांना या नादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवसभर लोक याचीच वाट बघतात आणि कधीकधी हा सगळा खेळ अर्ध्या तासात आटपतो. आजोबांनी लाइन गुंडाळली, पाण्यातून न येता काठावरून लांबचा वळसा घेऊन माझ्या मागे आले (पाण्यातून आले असते तर मासे बिथरले असते ना) आणि म्हणाले, "मान वळवून मागे बघ. लाइन सरळ झालेली दिसली की मगच पुढे." बस्स एवढंच. माझ्या हातातून रॉड घेतली नाही, स्वतः करून दाखवायची घाई नाही, मी टाकत राहिले आणि ते नुसतं "थांब... आता" म्हणत राहिले, अंधार पडेपर्यंत! त्यांच्या समोरचे मासे तसेच राहिले. मला वाटतं या छंदात माणूस दुसऱ्याला याहून मोठं काही देऊच शकत नाही.

नंतर एकदा त्यांनीच पाण्यातला एक दगड उचलून उलटा करून दाखवला. खाली शेपटीला तीन बारीक तंतू असलेल्या मेफ्लायच्या निम्फ (म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्लं) पळत होत्या आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्याशा नळ्यांमध्ये कॅडिस नावाच्या किड्याच्या अळ्या. "मासे हे खातायत, मग आपण काय द्यायचं?" असं म्हणून त्यांनी डबी उघडली आणि निम्फसारख्या दिसणाऱ्या तीन फेझंट टेल फ्लाय काढून दिल्या. ही फ्लाय इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रिव्हरकीपर, म्हणजे नदीची देखभाल करणारे, फ्रँक सॉयर यांनी तयार केली, त्यांच्या मूळ पद्धतीत दोरासुद्धा नाही, फक्त फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. तीन का, तर एक झाडात जाणार, एक दगडात अडकणार, एक राहील!

गाठी मला एका ताईंनी शिकवल्या. क्लिंच नॉट ही फ्लाय बांधायची गाठ ओढायच्या आधी ओली करायची, नाहीतर घर्षणाने टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) कमजोर होतं, हे त्यांनी माझ्या बोटांना धरून करवून घेतलं. त्यांच्याकडूनच कास्टिंग फॉर रिकव्हरीबद्दल कळलं. अमेरिकेत व्हरमाँटला 1996 मध्ये सुरू झालेली संस्था, स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांसाठी मोफत शिबिरं घेते, कारण कास्टिंगची, म्हणजे लाइन टाकायची, हालचाल ऑपरेशननंतर हात आणि खांदा हळूहळू मोकळा करायला उपयोगी पडते. आणि पाण्यात त्यांच्या शेजारी उभे राहणारे लोक स्वयंसेवक असतात. हे ऐकून मला खरंच भरून आलं.

आता एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नाही, ती म्हणजे आपली ठरलेली जागा. आणि ते बरोबरच आहे माझ्या मते, छोट्या ओढ्याचं नाव फुटलं की तिथे गर्दी होऊन वाट लागते. पण पाणी वाचायचं कसं हे सगळ्यांनी सांगितलं, जोराचं आणि संथ पाणी जिथे मिळतं ती रेघ, मोठ्या दगडाच्या आडोशाचं पाणी. ते कळलं की जागा आपल्या आपण सापडतात.

माझा पहिला ट्राउट लागला तेव्हा जवळच्या एका पोराने धावत येऊन जाळी धरली, आणि पहिलं वाक्य, "हात ओले करा आधी!" कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून चपटा केलेला होता म्हणून गळ चटकन निघाला, मग मासा पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत नुसता आधार द्यायचा. हाच पोरगा थर्मामीटर घेऊन फिरतो, पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं की रॉड आवरून घरी, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि दमलेला ट्राउट सोडला तरी वाचेल याचा भरवसा नाही.

नवीन कुणी सुरू करणार असेल तर एवढंच करा, कुणी आधीच उभं असेल तर त्यांच्या जवळ पाण्यात उतरू नका, काठावरूनच विचारा "तुम्ही वरच्या अंगाला जाणार की खाली?" मला तरी यावर कुणी तुटक उत्तर दिलेलं आठवत नाही, उलट बहुतेक वेळा पुढचा प्रश्न त्यांचाच असतो, "कुठली फ्लाय लावलीय, बघू?" आणि डबी उघडते.