निळा पडदा दिसतो, विंडोज दिसत नाही

११ तारीख, बुधवार. सकाळी पावणेदहाला सांगलीतल्या एका करसल्लागारांच्या कार्यालयातून फोन आला. "रात्री अपडेट झालंय आणि आता स्क्रीन काळी. टॅलीचा डेटा त्याच मशीनवर आहे, आणि आज जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख." (टॅली म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचे जीएसटी रिटर्न.)

विंडोजचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा वाजलेले असतात, थंडीत साडेअकरा. म्हणजे बुधवार उजाडतो तेव्हा बरीच मशीन नुकतीच रीस्टार्ट झालेली असतात, आणि दुसरा मंगळवार १० तारखेला आला की रिटर्नची शेवटची तारीख थेट अंगावर येते. म्हणून अशा बुधवारी "अपडेटने मशीन मारलं" हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यातला "अपडेट झालं" एवढाच भाग धरून चालायचे, "मारलं" हे तपासून पाहायचे.

मी पोचलो तेव्हा स्क्रीन काळी नव्हतीच. निळ्या पडद्यावर सीपीयू बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागत होता. तिथल्या ताईंनी लोगो गेल्यागेल्या पॉवरचे बटण दाबून तो तीनदा बंद केला होता. बूट लागोपाठ अर्धवट राहिले की विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या भागात शिरते, तेच झाले होते. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. लोगो दिसतो, निळा पडदा स्वच्छ दिसतो आणि फक्त विंडोज सुरू झाल्यावर अंधार होतो. म्हणजे मॉनिटर, रॅम, बोर्ड जागेवर आहेत. लोगो आणि दुरुस्तीचा भाग साध्या, कमी रिझोल्यूशनच्या चित्रावर चालतात, खरा डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, त्यानंतर सूत्रे घेतो. अंधार त्या क्षणाला होत होता.

(लोगोसुद्धा दिसत नसेल तर अपडेटचा विचार सोडून रॅम काढून पुसून बसवा आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल तपासा. काळ्या पडद्यावर माउसचा बाण फिरत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर चालवा. ही दोन्ही दुखणी वेगळी.)

ती ४८ अंकी चावी कुणाकडेच नव्हती. घाई न करता "स्किप धिस ड्राइव्ह" आणि पुढे "कंटिन्यू" निवडले. नुसते विंडोज सुरू करायला चावी लागत नाही, दुरुस्तीच्या भागातून डिस्कला हात लावायला लागते. या वेळी सगळ्यांना सीपीयूकडे न बघता मॉनिटरकडे बघायला सांगितले. लोगो आला, ठिपके फिरले, अंधार झाला. मग खालच्या कोपऱ्यात चारेक सेकंद एक छोटी चौकट आली, "इनपुट नॉट सपोर्टेड". नंतर मॉनिटरचा निळा दिवा नारिंगी झाला. "नो सिग्नल" असते तर सिग्नल येतच नाही असा अर्थ. इथे सिग्नल येत होता, मॉनिटरला तो झेपत नव्हता.

कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबले, दिवा लागला आणि विझला. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबले, बारीक बीप आला. हे बटण डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू करते. मशीन व्यवस्थित जागे होते. मग शेजारच्या टेबलावरून नेटवर्कमधले शेअर केलेले फोल्डर उघडून पाहिले. उघडले! लॉगिनच्या पडद्यावर थांबलेले विंडोजसुद्धा शेअर पुरवत असते. सगळीकडची टॅली बंद करायला लावून डेटाचे अख्खे फोल्डर तिथूनच पेनड्राइव्हवर उतरवले आणि मगच टॅली पुन्हा सुरू करून दिली. पहिले बिल पावणेअकराला पडले. पुढे मशीन मुद्दाम बंद-चालू करायचे असेल तर ही प्रत आधी हातात हवी, आणि ती मुख्य मशीनच्या स्क्रीनवाचून घेता येते हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

चावीसाठी फोन लावला पुण्याला. मशीन सुरुवातीला साहेबांच्या भाच्याने सेट केले होते, स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने. अशा वेळी की त्याच खात्यात जमा होते. निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या यादीशी जुळवून घ्यायची, कारण एका खात्यात चार मशीनच्या चाव्या असू शकतात. की सापडली. बोलता बोलता भाचा म्हणाला, "काका, पाडव्याला टेबल हलवलं होतं ना, तेव्हाही स्क्रीन गेली होती. मी इथूनच मशीनला जोडून रिझोल्यूशन कमी करून दिलं होतं."

इथे दिशा बदलली. दुखणे अपडेटच्या आधीचे होते. तोवर आधीचा ड्रायव्हर परत आणायचा माझा बेत होता.

टॅलीतून सगळ्यांना बाहेर काढले, लोगो असतानाच बटण धरून दोनदा वीज तोडली आणि पुन्हा दुरुस्तीच्या भागात आलो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. ४८ अंक टाकले आणि यादीतून एफ३ दाबले, लो-रिझोल्यूशन व्हिडिओ. लोक सरसकट सेफ मोडकडे वळतात, पण तिथे नेहमीचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि पिनने लॉगिन कधी कधी होत नाही. एफ३ मध्ये ड्रायव्हर तोच राहतो, चित्र फक्त लहान होते. रिझोल्यूशनच्या दुखण्याला हाच मार्ग नेमका.

डेस्कटॉप दिसला. अपडेटच्या इतिहासात मासिक अपडेटसोबत डिस्प्ले ड्रायव्हरही होता. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटरच्या मॉडेलचे नाव नव्हते, भलतेच मोघम नाव होते, आणि शिफारस केलेले रिझोल्यूशन १९२० × १०८०. समोर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ चा, व्हीजीए या जुन्या पद्धतीच्या केबलवर चालणारा मॉनिटर. सीपीयू छोटा, त्याला व्हीजीए पोर्ट नाही, म्हणून मध्ये एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर. १३६६ × ७६८ ला ६० हर्ट्झवर आडवी वारंवारता (सेकंदाला काढायच्या ओळी) सुमारे ४७.७ किलोहर्ट्झ लागते, १९२० × १०८० ला ६७.५. या वयाचे बरेच मॉनिटर साठीच्या आसपास हात टेकतात.

आता विंडोजला चुकीची माहिती कोण देत होते? मॉनिटरच्या आत स्वतःची ओळख सांगणारी १२८ बाइटची नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. ती मिळाली नाही की काही कन्व्हर्टर स्वतःचीच ठोकळेबाज नोंद पुढे करतात. केबलचा संशय मला आधी आला नव्हता, कारण चित्र स्वच्छ होते. रंग १, २, ३ वरून येतात आणि सिंक, म्हणजे ओळी आणि चौकट जुळवणारे सिग्नल, १३, १४ वरून, त्यामुळे १२ नंबर मेली तरी चित्राला धक्का लागत नाही.

केबल काढून उजेडात धरली. तिसऱ्या ओळीतली दुसरी पिन आडवी झोपलेली. तीच १२. (मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन पुष्कळ केबलना मुळातच नसते, ती तुटली असे समजू नये.) टेबल हलवताना केबल तिरकी घुसवली गेली होती. भाच्याने हाताने बसवलेले रिझोल्यूशन त्यावर पांघरूण घालून होते. नवीन ड्रायव्हर बसताना ते रिझोल्यूशन पुसले गेले आणि विंडोजने कन्व्हर्टरच्या सांगण्यावर विश्वास ठेवला.

चिमट्याने पिन सरळ होते, पण मुळाशी कमकुवत राहते आणि पुढच्या खेपेला तुटून सॉकेटमध्ये अडकते. मी पिशवीतली नवी केबल लावली, दोन्हीकडचे स्क्रू पिळले आणि साधे रीस्टार्ट केले. लोगो, ठिपके, लॉगिन. सेटिंग्जमध्ये मॉनिटरचे खरे मॉडेल आले, शिफारस १३६६ × ७६८. ड्रायव्हरला हात लावला नाही, अपडेट काढले नाही.

रिकव्हरी की दोन कागदांवर छापली, एक प्रत साहेबांच्या कपाटात, एक घरी. दुपारी बाराच्या आत ताई पोर्टलवर होत्या. जुनी केबल त्या ड्रॉवरमध्ये ठेवत होत्या, ती मागून घेतली आणि कटरने मधोमध तोडली. ड्रॉवरमधली केबल पुढच्या अडचणीला पुन्हा बाहेर निघतेच.