लिनक्सकडे वळताना वेळ कुठे द्यावा

आज एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या लिनक्सचे एक रूप) बसवून दिले. प्रत्यक्ष काम फारसे नव्हते. मात्र त्याआधी ‘कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे कोणते तयार रूप, घ्यावी’ या प्रश्नात तो महिनाभर अडकून पडला होता, आणि नवख्यांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो असे माझे मत झाले आहे. उबंटू डेबियनवर आधारलेले, मिंट उबंटूवर आधारलेले, आणि तिन्हींचा गाभा म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला कर्नल. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या पाठबळाची (अनेक वर्षे अपडेट मिळत राहणारी) कोणतीही आवृत्ती सुरुवातीला पुरते.

खरा वेळ द्यावा तो लाइव्ह यूएसबीला. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, की हार्ड डिस्कला हात न लावता आवाज, ब्लूटूथ, टचपॅड, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे सारे तपासून घेता येते. आज वाय-फायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना, तेव्हा ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारा प्रोग्राम) वेगळा घ्यावा लागणार हे आधीच कळले. मिंट बसवून झाल्यावर फोन केबलने जोडला, त्याचे इंटरनेट वापरले आणि ड्रायव्हर मॅनेजरने सुचवलेला ड्रायव्हर उतरवून घेतला.

सर्वांत चिवट असते ती जुनी सवय. प्रोग्राम हवा म्हणताच सहकाऱ्याने ब्राउझर उघडून सेटअप फाइल शोधायला घेतली. इथे बहुतेक प्रोग्राम डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे तिच्या अधिकृत प्रोग्राम-भांडारातून, येतात, त्यांच्या डिजिटल सह्या तपासल्या जातात, लागणारी इतर पॅकेजेस आपोआप सोबत येतात आणि एकाच अपडेटमध्ये सगळे अद्ययावत होते. ही सोय सोडून कुठूनतरी उचललेली ‘सुडो’ची (संगणकावर पूर्ण अधिकार देणारी) आज्ञा न वाचता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चिकटवणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणे होय. (घाईत असलेली जाणती मंडळीही हे करतात, तो भाग निराळा.)

विंडोजही ठेवायचे असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. दोन्हींतले घड्याळ जुळत नाही म्हणून घाबरू नये: विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार चालवते, लिनक्स जागतिक वेळेनुसार, आणि एका आज्ञेने ते जुळवता येते. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप मात्र आठवणीने बंद करावे, कारण ते चालू असताना ‘शट डाउन’ करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याच्या ड्राइव्हमधल्या फाइली लिनक्समधून अनेकदा केवळ वाचता येतात, बदलता येत नाहीत.