आमची वाटचाल: छतापासून फीडरच्या टोकापर्यंत

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी विद्युत अभियंता, भागीदार फॅब्रिकेशनमधला. त्याला लोखंड कळायचं, मला तारा. छतावर स्ट्रक्चर उभं करायचं, सौर पॅनेल बसवायची, जोडणी करून द्यायची आणि पुढच्या छतावर चढायचं, एवढाच आमचा धंदा. ग्रिड म्हणजे आमच्या लेखी मीटरच्या पलीकडची तार. ती असतेच, तिचा विचार कशाला करायचा?

हा भ्रम एका तक्रारीनं उतरवला. फीडरच्या, म्हणजे भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनच्या, अगदी टोकाला असलेल्या एका ग्राहकाकडे आम्ही 4 किलोवॉटचं संयंत्र बसवलं होतं. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. ‘अहो, ढगाळ दिवशी तुमचं मशीन बरं चालतं आणि कडक ऊन पडलं की झोपतं. हे काय प्रकरण आहे?’

आम्ही इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत बदलणारं यंत्र, बदलून दिला. तक्रार तशीच. पॅनेल पुसली, एकेक कनेक्टर उघडून पाहिला, अर्थिंग नव्यानं केलं. दोन आठवडे आपल्याच कामातली खोट शोधत राहिलो. शेवटी आमचे वायरमन काका रविवारी भर दुपारी नोंद ठेवणारं मीटर लावून तिथेच ठाण मांडून बसले. संध्याकाळी परत येऊन म्हणाले, ‘साहेब, मशीनला काही झालेलं नाही. लाइन फुगलीय.’

याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंत वीज येताना वाटेत व्होल्टेज थोडं पडतं. संध्याकाळी शेवटच्या घरातला दिवा मंद होऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीनं कमी-जास्त करायची सोय, आधीच थोडा वर ठेवलेला असतो. पण दुपारी त्याच तारेतून वीज उलटी, घराकडून ट्रान्सफॉर्मरकडे जाऊ लागली, की उतार फिरतो आणि टोकाच्या घराचं व्होल्टेज सगळ्यांत वर चढतं. 230 व्होल्टच्या 10 टक्के वर, म्हणजे 253 च्या पुढे गेलं की इन्व्हर्टरनं स्वतःला तोडून घ्यायचं, अशी त्याची सेटिंग. तो बिचारा ती इमानेइतबारे पाळत होता. रविवारी आसपासचे कारखाने बंद, वीज खाणारं कोणी नाही, म्हणून रविवारी त्रास जास्त. ढग आला की उत्पादन घटायचं, व्होल्टेज उतरायचं, मशीन पुन्हा सुरू.

पुढचा भाग सांगायला अजूनही जड जातो. लाइनच्या तीन फेजपैकी त्या घराच्या फेजवर आणखी पाच संयंत्रं निघाली आणि त्यांतली तीन आम्हीच बसवलेली होती. खांबावर जो फेज हाताला सोपा लागेल तो घ्यायचा, ही आमची सवय. एका ग्राहकाचं उत्पादन आमच्याच बाकीच्या ग्राहकांनी बंद पाडलं होतं. आम्ही स्वखर्चानं मीटरपर्यंतची केबल जाड केली आणि व्होल्टेज चढू लागलं की रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वरखाली करणारी वीज) शोषून ते खाली ओढण्याची सेटिंग सगळ्या इन्व्हर्टरना दिली. फेजची वाटणी आणि टॅप वितरण कंपनीच्या हातात. दोन घरं दुसऱ्या फेजवर गेली आणि टॅप एक पायरी खाली आला, पण त्यात चार महिने गेले.

धोरणाचा तडाखा वेगळाच. 31 मे 2018 रोजी चीननं सौर अनुदानाला अचानक कात्री लावली. तिथे पडून राहिलेला माल जगभर स्वस्तात निघाला आणि आम्ही कर्ज काढून गोदामात भरलेली पॅनेल न वापरताच जुनी झाली. ठरलेला दर मोडून ग्राहक नव्यानं घासाघीस करू लागले. भागीदार म्हणाला, ‘आपण काय चूक केली?’ चूक एवढीच, की दूरच्या देशातला सरकारी कागद आपल्या गोदामापर्यंत पोहोचतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ऑर्डर हातात असल्याशिवाय पॅनेल घेत नाही.

त्या मोकळ्या (खरं तर रिकाम्या) महिन्यांत मी इतर देशांचं वाचायला लागलो. जर्मनीनं 2000 साली कायदा करून अपारंपरिक विजेला 20 वर्षांचा ठरावीक दर दिला. गुंतवणूकदाराला निश्चिंती मिळाली आणि उद्योग वाढला. स्पेननं 2007 मध्ये उदार दर दिला. 2008 या एकाच वर्षात अडीच गिगावॉटहून अधिक सौर क्षमता उभी राहिली, सरकार दचकलं, पुढच्या वर्षाला 500 मेगावॉटची मर्यादा आली आणि बाजार बसला. मला विचाराल तर दर कमी असला तरी चालतो, पण तो उद्याही तोच असेल एवढी खात्री हवी. दराच्या आशेवर माणसं कामावर घेता येत नाहीत.

पण जर्मनीच्याच एका गोष्टीनं आमच्या कंपनीची दिशा बदलली. तिथल्या जुन्या नियमानुसार ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या 50 वरून 50.2 हर्ट्झला पोहोचली की सौर इन्व्हर्टरनं लगेच ग्रिडपासून सुटायचं होतं. संयंत्रं मूठभर होती तोवर ठीक. पुढे कित्येक गिगावॉट एकाच क्षणी सुटण्याचा धोका उभा राहिला, आणि युरोपचा राखीव साठा 3,000 मेगावॉट अचानक गेले तर सावरेल एवढ्याच हिशेबाचा. शेवटी 2012 पासून लाखो जुन्या संयंत्रांची सेटिंग बदलावी लागली. वाचता वाचता वाटलं, हे तर आपल्याच फीडरचं मोठं चित्र आहे.

आज आमची निम्म्याहून जास्त मिळकत पॅनेल बसवण्यातून येत नाही. जोडणीपूर्व अभ्यास, रिलेची (बिघाड ओळखून जोडणी तोडायला लावणाऱ्या उपकरणाची) चाचणी, इन्व्हर्टरच्या सेटिंग, ही कामं आम्ही करतो, आणि कालचे स्पर्धक आज ती आमच्याकडून करून घेतात. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. व्होल्टेज चढत जाऊन एकामागून एक केंद्रं सुटल्यामुळे झालेली युरोपातली ही पहिलीच अशी घटना, असं तिथल्या ग्रिडचालकांच्या संघटनेच्या तज्ज्ञांनी नोंदवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये ते वाचून काकांचाच शब्द निघाला: लाइन फुगलीय.

रांगेचं दुखणं मात्र आमच्या आवाक्याबाहेर आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2023 मध्ये सांगितलं, की किमान 3,000 गिगावॉटचे अपारंपरिक ऊर्जा प्रकल्प ग्रिडजोडणीच्या प्रतीक्षेत आहेत. आमचं त्यातलं खारीच्या वाट्याएवढं एक कारखान्याचं छत आहे. पॅनेल 19 दिवसांत बसली; ट्रान्सफॉर्मरची क्षमता वाढण्याची वाट पाहण्यात चौदावा महिना चालू आहे. तोवर बाहेर वीज सोडायचीच नाही अशी सेटिंग करून दिली आहे. दुपारचं जास्तीचं उत्पादन बॅटरीत घालण्याचा प्रस्तावही दिला, पण मालक अजून आकडे जुळवताहेत.

नव्या कामाचा दर देण्याआधी आता आमचा माणूस रविवारी दुपारी मीटर लावून येतो. काका निवृत्त झाले, मीटर तेच आहे. मागे एका ग्राहकाला मी 10 ऐवजी 6 किलोवॉटच घ्या, असं सांगितलं. त्यांनी दुसऱ्याकडून 10 बसवून घेतलं. काल त्यांचा फोन आला होता. ढगाळ दिवशी छान चालतं, म्हणाले.